बर्फाळ भागात अकरा एकर घेतलेत, ट्रॅक्टर कोणता घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: न्यूयॉर्क राज्यात, ओस्वेगो काउंटीत, लेक ऑन्टारिओच्या पूर्वेला अकरा एकर जागा आणि जुनं घर घेतलं आहे. रस्त्यापासून घरापर्यंत साडेचारशे फूट खडीचा ड्राइव्हवे, मध्ये बऱ्यापैकी चढ. तीन-चार एकर गवत, बाकी झाडी. नवरा-बायको दोघंही पुण्यात वाढलेले, ट्रॅक्टर पाहिला तो फक्त उसाच्या ट्रॉलीपुढे. बजेट पस्तीस हजार डॉलर. एक डीलर २४ एचपीचा सबकॉम्पॅक्ट (सगळ्यात लहान जातीचा ट्रॅक्टर) घ्या म्हणतो, दुसरा ४० एचपीचा. आणि शेवटी, 'महिंद्रा आपलाच आहे, तोच घ्यावा का?'

मी मूळचा तासगाव तालुक्यातला. घरी द्राक्षबाग, त्यामुळे बागेत शिरणारे छोटे ट्रॅक्टर लहानपणापासून हाताखालचे. गेली एकोणीस वर्षं मात्र सिरॅक्यूजच्या उत्तरेला ट्रॅक्टरच्या वर्कशॉपमध्ये काम करतोय. म्हणजे तुमच्या दारात जो बर्फ पडणार, तोच माझ्याही दारात पडतो. थोडा कमी, कारण तुम्ही टग हिल पठाराच्या कुशीत आहात.

आपल्याकडे ट्रॅक्टर म्हटला की पहिला प्रश्न 'किती एचपी?' तुमचे दोन्ही डीलरही तिथूनच सुरू झालेले दिसतात. माझं म्हणणं असं, की तुमच्या जागेवर हा हिशोब उलटा करा. आधी बर्फ किती आणि कसला ते बघा, मग तो कशाने काढायचा ते ठरवा, आणि ते अवजार ज्याला पेलेल तो ट्रॅक्टर घ्या. गवत कापायला, लाकडं ओढायला, मातीचे चार ढीग हलवायला कोणताही ट्रॅक्टर चालतो. तुमच्याकडे ट्रॅक्टरची परीक्षा जानेवारीत आहे, जूनमध्ये नाही.

तुमच्या भागात वर्षाला दोनशे इंचांच्या वर बर्फ पडणं ही नवलाची गोष्ट नाही. थंड वारा लेक ऑन्टारिओच्या उघड्या पाण्यावरून वाफ उचलतो, पठाराला येऊन धडकतो, वर चढतो आणि सगळं तिथेच ओतून टाकतो. पट्टा अरुंद असतो. दहा मैलांवर ऊन आणि तुमच्याकडे तासाला तीन-चार इंच, असंही होतं. तुमच्याच काउंटीतल्या रेडफिल्डला फेब्रुवारी २००७ मध्ये दहा-बारा दिवसांत १४१ इंच पडला होता. दरवर्षी असं होत नाही, पण तुमचा शेजारी असल्या दिवसांच्या हिशोबाने यंत्र घेतो, हे लक्षात घ्या.

आता आकडा मांडू. ड्राइव्हवे साधारण १३७ मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद धरू. एक फूट बर्फ पडला तर १४० घनमीटरच्या आसपास माल झाला. तळ्यावरून येणारा बर्फ भुरभुरीत, हलका असतो; घनमीटरला शंभर किलो धरला तरी चौदा टन. मार्चमधला ओला बर्फ याच्या तिप्पट भरतो, म्हणजे चाळीस टनांच्या पुढे. भरल्या उसाच्या ट्रॉलीत दहा-एक टन धरा. एका रात्रीत कुणीतरी तुमच्या वाटेवर दीड ते चार ट्रॉल्या ऊस ओतून जातो, आणि सकाळी सातला तुम्हाला कामावर निघायचंय.

हे हलवायचे तीन मार्ग आहेत. लोडरची बकेट, ढकलणारं पातं, नाहीतर ब्लोअर. (तासगावात ब्लोअर म्हणजे द्राक्षांवर औषध मारायचं यंत्र. मी इथे आलो तेव्हा मालक म्हणाला, ब्लोअर जोडून आण. मी औषधाची टाकी शोधत फिरलो.)

बकेटने काम होतं, पण साडेचारशे फुटांना नाही. भरा, मागे या, वळा, ओता, परत या. एवढ्या लांबीला अर्धा दिवस जाईल. पातं झटपट काम करतं आणि वर्षाला साठ-सत्तर इंच बर्फ पडतो तिथे मी डोळे झाकून पातंच सांगतो. पण पातं बर्फ फक्त बाजूला सरकवतं. तो बाजूलाच राहतो आणि गोठून दगड होतो. पुढच्या वेळी त्या भिंतीला पातं टेकतं, त्याच्या पुढच्या वेळी आणखी आत. डिसेंबरात बारा फुटांची वाट नाताळानंतर नऊ फुटांची होते, आणि जानेवारीअखेर पातं लावायलाच जागा उरत नाही. पातंवाले अनुभवी लोक पहिल्या दोन-तीन वेळा म्हणूनच गरजेपेक्षा खूप लांबपर्यंत ढकलून ठेवतात. दोनशे इंचांना तेही पुरत नाही. तुम्हाला ब्लोअरच लागेल. तो बर्फ उचलून तीस-चाळीस फूट लांब झाडीत फेकतो, भिंती होऊच देत नाही.

ब्लोअर पुढे लावायचा की मागे? पुढचा ब्लोअर चालवायला सुखाचा, समोर बघत जायचं. पण तो जोडण्याच्या सांगाड्यासकट मागच्याच्या जवळपास दुप्पट किमतीला पडतो, आणि तो लावला की लोडर उतरवून ठेवावा लागतो. मागचा ब्लोअर थ्री-पॉइंटला, म्हणजे ट्रॅक्टरमागच्या अवजाराच्या जोडणीला लागतो, मागच्या पीटीओच्या (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या) शाफ्टवर फिरतो, यंत्रणा साधी आणि दणकट. अडचण एकच: सगळं काम रिव्हर्समध्ये, मान वळवून. तासाभराने मान बोलायला लागते. शिवाय बघण्यासाठी आपण सीटवरून अर्धवट उठतो, सीटखालच्या स्विचला वाटतं माणूस पडला, आणि पीटीओ चालू असल्यामुळे इंजिनच बंद पडतं. पहिल्या हिवाळ्यात प्रत्येकाचं होतं. काही लोक वैतागून तो स्विच बायपास करतात. करू नका, तो शाफ्ट मिनिटाला ५४० फेरे फिरतोय, आणि तुमच्या अंगावर लोंबत्या दोऱ्यांचं जाकीट आहे.

तुमच्यासाठी मी मागचाच सांगेन, मान दुखण्याची किंमत धरूनसुद्धा. कारण पुढे बकेट मोकळी राहते आणि तुम्हाला दोन्ही लागणार आहेत. टाउनचा प्लाऊ रस्ता साफ करत जातो तेव्हा तुमच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी कमरेएवढा बांध घालून जातो. त्यात मीठ, चिखल, रस्त्यावरची बर्फाची ढेकळं. दोन तास तसाच राहिला तर सिमेंट होतो. तो बकेटने फोडायचा, ब्लोअरने नाही. आणि फोडलेला माल रस्त्यापलीकडे ढकलायचा नाही. सार्वजनिक रस्त्यावर बर्फ टाकणं इथे कायद्याविरुद्ध आहे. दुसरा फायदा असा, की मागचा ब्लोअर आधी वाट साफ करतो आणि चाकं त्या साफ वाटेवरून येतात. तिसरा, त्याचं अडीचशे-तीनशे किलोंचं वजन मागच्या चाकांवर पडतं. त्याचं महत्त्व पुढे सांगतो.

आता एचपीकडे येऊ. ढोबळ नियम असा की ब्लोअरच्या रुंदीच्या दर फुटाला पाच एचपी, आणि ते पीटीओचे, बॉनेटवर लिहिलेले नाहीत. हायड्रोस्टॅटिक (गिअरऐवजी तेलाच्या दाबाने चालणाऱ्या) गाडीत इंजिनचे सात-आठ एचपी वाटेतच जातात. ब्लोअर ट्रॅक्टरच्या चाकांपेक्षा रुंद हवा, नाहीतर चाकं न काढलेल्या बर्फावर चढतात. पूर्ण कॉम्पॅक्टला, म्हणजे सबकॉम्पॅक्टच्या वरच्या मापाला, साठ ते सहासष्ट इंची ब्लोअर शोभतो, म्हणजे पीटीओला पंचवीस ते अठ्ठावीस एचपी. इंजिनला ते ३२ ते ३६ झाले. हे उत्तर तुमच्या दोन्ही डीलरच्या मध्ये पडतं. चाळीस एचपीवाल्याने तुम्हाला फसवलेलं नाही, फक्त गरजेपेक्षा थोडं जास्त सांगितलं.

इथे तुम्हाला हमखास कुणीतरी सांगेल, 'पंचविशीच्या वर जाऊ नका, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) येतो.' त्यात तथ्य आहे. १९ किलोवॉट, म्हणजे साधारण साडेपंचवीस एचपी, ही अमेरिकेच्या प्रदूषण नियमांतली रेषा आहे. तिच्या वरच्या डिझेल इंजिनांना २०१३ पासून काजळीची मर्यादा इतकी कडक झाली, की बहुतेक कंपन्यांना धुराड्यात काजळी अडवणारी जाळी बसवावी लागली. बाजारात २४ आणि २४.८ एचपीचे इतके ट्रॅक्टर का दिसतात, त्याचं कारण हेच. ही जाळी भरली की इंजिन ती स्वतः तापवून जाळून साफ करतं, आणि त्यासाठी धूर गरम लागतो. जो माणूस ट्रॅक्टर वीस मिनिटं मंद चालवतो, बकेटने दोन ढीग हलवतो आणि बंद करतो, त्याची जाळी चोंदते. अशी तोंडं मी दर वसंतात वर्कशॉपच्या काउंटरवर बघतो. पण ब्लोअरचं काम त्याच्या बरोबर उलटं आहे. पीटीओचे ५४० फेरे मिळायला इंजिन जोरात चालवावंच लागतं, भार सतत असतो, धूर तापलेला असतो. नियमाने ब्लोअर चालवणाऱ्या गिऱ्हाइकांना डीपीएफचा त्रास झालेला मी फार कमी पाहिला. बर्फासाठी ट्रॅक्टर घेताना डीपीएफला घाबरून लहान इंजिन घेणं मला पटत नाही. फक्त साफसफाई सुरू असल्याचा दिवा लागला की ती अर्धवट सोडून इंजिन बंद करायचं नाही. तेवढा नियम वहिनींनाही सांगून ठेवा, कारण त्याही चालवणार आहेत.

मग २४ एचपीचा सबकॉम्पॅक्ट का नको? एचपीपेक्षा त्याचं अंग आड येतं. जॉन डिअर १०२५आर किंवा कुबोटा बीएक्स ही उत्तम यंत्रं आहेत, पण रिकामं वजन साडेसहाशे किलोंच्या आसपास, चाकं लहान, पोटाखाली वीतभरही मोकळी जागा नाही. फूटभर बर्फात असा ट्रॅक्टर पोटावर बसतो आणि चारही चाकं हवेत फिरतात. कुबोटाचाच एल मालिकेतला लहान ट्रॅक्टर बघा. इंजिन तेही पंचविशीच्या आतलं, पण वजन अकराशे किलोंच्या आसपास, चाकं मोठी, लोडर दणकट. म्हणजे एचपी जवळजवळ तेवढेच आणि ट्रॅक्टर वेगळ्या जातीचा. दोनशे फुटांचा सपाट डांबरी ड्राइव्हवे असता तर मीच तुम्हाला सबकॉम्पॅक्ट सांगितला असता. गवत त्याच्याने छान कापलं जातं, गॅरेजात मावतो, आणि पोटाखालचं मोअर काढायला-घालायला सोपं.

चढाविषयी तुम्ही एका ओळीत लिहिलंय. मी असतो तर प्रश्नाची सुरुवातच तिथून केली असती.

माझ्या तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. घरचाच ट्रॅक्टर, मागे काहीच जोडलेलं नाही, पुढे बकेट बर्फाने गच्च आणि ती मी डोळ्यांच्या उंचीला उचललेली, कारण समोरचं दिसावं. वळायला सोपं पडावं म्हणून फोर-व्हील काढून ठेवला होता. उतारावर आलो, ब्रेक दाबला, मागची चाकं जागच्या जागी थांबली आणि ट्रॅक्टर मात्र खाली निघाला. अगदी शांतपणे, आवाज न करता. बहुतेक कॉम्पॅक्ट ट्रॅक्टरचे ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. पुढे भार, मागे हलकं. मागच्या चाकांना जमिनीची पकडच नव्हती. बकेट खाली टाकली तेव्हा ती रुतून ट्रॅक्टर थांबला, शेजाऱ्याच्या पत्रपेटीच्या हातभर अलीकडे. फोर-व्हील लावलेला असता तर पुढची चाकंही त्याच साखळीत असती आणि चारही चाकांनी धरून ठेवलं असतं. तेव्हापासून उतार म्हणजे फोर-व्हील, बकेट गुडघ्याखाली आणि मागे वजन, यात मी कधी सूट घेतलेली नाही.

हे वजन कुठून आणायचं? मागे ब्लोअर असेल तर तो आहेच. उन्हाळ्यात लोडरचं काम करताना थ्री-पॉइंटला वाळू-काँक्रीटची पेटी लटकवा. शिवाय मागच्या टायरात द्रव भरून घ्या. आपल्याकडे नांगरटीला टायरात पाणी भरतात. इथे पाणी भरलंत तर डिसेंबरात टायरात बर्फाचा गोळा होईल. पूर्वी कॅल्शियम क्लोराइडचं पाणी भरायचे, पण गळती झाली की रिम गंजून जाते. आता इथे बीटचा रस भरतात. खरंच. बीटापासून साखर करताना जी मळी उरते तिच्यापासून केलेला, पाण्यापेक्षा तीस टक्के जड, उणे तीस सेल्सिअसलाही न गोठणारा, रिमला न खाणारा. सांगली जिल्ह्यातला माणूस असल्यामुळे पहिल्यांदा टायर पंक्चर होऊन तो काळा चिकट रस बुटांवर आला तेव्हा मला वासावरून घरची आठवण झाली.

टायर निवडताना डीलर बहुधा आर-४ देतील, जाड चौकोनी नक्षीचे. ते लोडरच्या कामाला चांगले, पंक्चर कमी. पण दाबून घट्ट झालेल्या बर्फावर आणि आयसवर आर-४ म्हणजे हॉकीची चकती. गवतासाठीचे बारीक नक्षीचे टर्फ टायर उलट तिथे बरे चालतात. तुमच्या चढावर कोणतेही टायर घेतलेत तरी मागच्या चाकांना साखळ्या घ्याच. शिडीसारख्या आडव्या कड्यांच्या नकोत. त्यांची कडी टायरच्या दोन नक्ष्यांच्या खाचेत पडते आणि उपयोग शून्य होतो. चौकटीच्या जाळीसारख्या विणलेल्या घ्या. डांबरावर त्या ओरखडे काढतात, तुमची खडी आहे, चिंता नाही. विकत घेण्याआधी टायर आणि मडगार्डमध्ये किती जागा आहे ते हाताने तपासा.

खडीच्या ड्राइव्हवेला ब्लोअरखालचे स्की जमिनीपासून इंचभर वर ठेवा. पहिले दोन-तीन बर्फ पूर्ण काढूच नका, गाडीने दाबून त्याचा थर होऊ द्या. एकदा खाली गोठलेली फरशी तयार झाली की खडी सुटत नाही. नोव्हेंबरात घाई करणारा माणूस एप्रिलमध्ये गवतातून खडी वेचत बसतो, किंवा त्याआधीच खिडकीची काच बदलतो. ब्लोअरला शिअर बोल्ट असतात. वर्तमानपत्र, पायपुसणं, लाकडाचा ओंडका आत गेला की ते तुटतात, आणि तुटण्यासाठीच असतात. डझनभर आणून ठेवा. तुटतात म्हणून जास्त कडक बोल्ट घालू नका. बोल्ट वाचतो आणि गिअरबॉक्स जातो. आणि ओला बर्फ नळकांड्यात अडकला तर इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला, काठीने काढा. हात घालायचा नाही. बंद ब्लोअरमध्येही ताण अडकलेला असतो. बर्फ सुटला की पंखा अर्धा फेरा फिरतो. एका गिऱ्हाइकाची दोन बोटं त्या अर्ध्या फेऱ्यात गेली, इंजिन बंद होतं.

हायड्रोस्टॅटिक की गिअर, यावर मी वेळ घालवणार नाही. बर्फाचं काम म्हणजे तासाला शंभर वेळा पुढे-मागे, आणि ब्लोअरचा फेरा तोच ठेवून बर्फ दाट आला की फक्त चाल कमी करायची. पायाच्या पेडलवर हे आपोआप होतं. हायड्रोस्टॅटिक घ्या. गिअरचा ट्रॅक्टर नांगराला चांगला, तुम्हाला नांगरायचं नाही.

केबिनवर मात्र घासाघीस होईल. मागचा ब्लोअर, वारा तोंडावर, उणे पंधरा: फेकलेला बर्फ निम्मा परत तुमच्याच मानेत येतो. काच, हीटर, वायपर असलेली केबिन म्हणजे ज्या पहाटे तुम्ही बाहेर पडणं टाळाल त्या पहाटे बाहेर पडाल, एवढा फरक. कंपनीची केबिन आठ-दहा हजारांनी किंमत वाढवते आणि नंतर बसवता येत नाही. तुमच्या बजेटमध्ये नवा ३५ एचपी, लोडर, ब्लोअर, साखळ्या आणि केबिन एकत्र बसणार नाहीत. केबिनसाठी लहान ट्रॅक्टर घेऊ नका. त्यापेक्षा चार-पाच वर्षं वापरलेला, हजार तासांच्या आतला केबिनवाला शोधा. कॉम्पॅक्ट डिझेलला हजार तास म्हणजे अजून कोवळं वय. फक्त तो मीठ पसरवणाऱ्या ठेकेदाराकडचा नको: पायऱ्यांच्या खाली, वायरिंगच्या जोडांवर, हायड्रॉलिकच्या लोखंडी नळ्यांवर बॅटरी मारून बघा. जपानमधून वापरून आणलेले, बाहेर स्वस्त विकले जाणारे बिनओळखीच्या मॉडेलचे ट्रॅक्टरही नकोत. त्यांच्या एका सीलसाठी लोक माझ्याकडे महिनोन्‌महिने फेऱ्या मारतात. आणि गॅरेजच्या दाराची उंची मोजा. इथल्या घरांना सात फुटांचं दार सर्रास असतं, केबिनवाला ट्रॅक्टर त्याखालून जात नाही. केबिन नसेल तर डोक्यामागची, ट्रॅक्टर उलटला तर वाचवणारी कमान दुमडता येते, पण ती दुमडलेली असताना पट्टा बांधायचा नाही, उभी असताना बांधल्याशिवाय चालवायचं नाही. गॅरेजातून बाहेर आलात की आधी कमान उभी करा.

थंडीत चालू होण्याचा भाग लोक हलक्यात घेतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी सप्टेंबरात भरलेला डिझेलचा कॅन जानेवारीत ओतला. इंजिन सुरू झालं, ड्राइव्हवेच्या मध्यावर धापा टाकत बंद पडलं. फिल्टर उघडला तर आत तूप थिजावं तसा पांढरा थर. आपल्याकडे डिसेंबरात खोबरेलाची बाटली घट्ट होते, अगदी तेच. उन्हाळी डिझेलमधलं मेण थंडीत बाहेर येतं. पंपावर हिवाळ्यात वेगळं मिश्रण मिळतं, पण तुमच्या कॅनला ते कळत नाही. ऑक्टोबरअखेर जुनं डिझेल संपवा, नव्यात थिजू न देणारं औषध घाला, थिजायच्या आधी, नंतर नाही. ब्लॉक हीटर ट्रॅक्टर घेतानाच बसवून घ्या, दोन-तीन तास आधी टायमरने चालू होईल असा. सुरू झाल्यावर दहा-पंधरा मिनिटं मध्यम फेऱ्यांवर राहू द्या; हायड्रॉलिकचं तेल काकवीसारखं झालेलं असतं, लोडर पेंगत उचलतो, पेडल जड लागतं, पंप कण्हतो. त्या वेळात चहा प्या. ग्लो-प्लगच्या (सुरू होताना आतून तापवणाऱ्या प्लगच्या) इंजिनात लवकर सुरू व्हावं म्हणून इथरचा स्प्रे मारणारे शेजारी भेटतील. त्यांना मारू द्या, तुमच्या ट्रॅक्टरला हात लावू देऊ नका. तापलेल्या प्लगवर इथर पेटलं तर इंजिनाचं नुकसान होतंच, माणसाचंही होऊ शकतं.

आता महिंद्रा. महिंद्रा अमेरिकेत १९९४ पासून आहे आणि इथल्या शेतकऱ्यांत त्याचं नाव जड, दणकट ट्रॅक्टर म्हणून आहे. त्याच एचपीला इतरांपेक्षा थोडं जास्त लोखंड मिळतं, आणि बर्फाला लोखंड चांगलंच. फक्त 'आपलाच' या शब्दावर जाऊ नका. महिंद्राच्या लाल रंगाखालचे इथले बरेच लहान ट्रॅक्टर कोरिया आणि जपानमधल्या कारखान्यांतून आलेले आहेत. ओजा ही मालिका मात्र तेलंगणात झहीराबादला तयार होते. २०२३ च्या पंधरा ऑगस्टला केपटाउनमध्ये तिचं अनावरण झालं. आणि गंमत म्हणजे हिरव्या जॉन डिअरचाही पुण्याजवळ सणसवाडीला कारखाना आहे, तिथूनही ट्रॅक्टर बाहेरदेशी जातात. आपुलकी मोजायला बसलात तर सगळेच थोडेथोडे आपले निघतील.

मी मोजतो ते डीलरचं अंतर. बर्फाच्या वादळात हायड्रॉलिकचा पाइप फुटला, तर ज्याच्या फळीवर तो पाइप आहे आणि ज्याच्यापर्यंत तुम्ही अर्ध्या तासात पोचता, तो रंग तुमचा. तुमच्याभोवती तीस मैलांत कोणकोणते डीलर आहेत ते बघा, आणि जाल तेव्हा विक्रीच्या टेबलावर बसायच्या आधी सरळ पार्ट्सच्या खिडकीवर जा. तुम्हाला हव्या त्या मॉडेलचा इंधन फिल्टर आणि ब्लोअरचे शिअर बोल्ट मागा. लगेच हातात आले तर चांगलं, 'मागवावे लागतील' म्हणाला तर नमस्कार करून बाहेर. मग वर्कशॉपमध्ये डोकावा. हिवाळ्यात घरी येऊन दुरुस्ती करतात का, ट्रेलरचं भाडं काय, ते मेकॅनिकलाच विचारा.

पैशांबाबत एकच. 'शून्य टक्के व्याज' या पाटीमागे रोखीची सूट गेलेली असते. दोन्ही आकडे लिहून मागा आणि मग ठरवा. आणि पस्तीसपैकी निदान सहा-सात हजार ट्रॅक्टरव्यतिरिक्त बाजूला ठेवा: ब्लोअर, साखळ्या, टायरातला रस, ब्लॉक हीटर, फोर्क (लोडरला लावायचे उचलायचे काटे). लोडरला बकेट पटकन काढता येणारी, स्किड-स्टिअरच्या (बांधकामावरच्या छोट्या लोडर यंत्राच्या) मापाची जोडणी मागा. मग कोणत्याही कंपनीचे फोर्क किंवा पातं लागतं, वापरलेलंही स्वस्तात मिळतं. एकाच कंपनीची खास जोडणी घेतलीत की पुढची वीस वर्षं त्याच कंपनीच्या दारात.

वहिनींना आणि तुम्हाला दोघांनाही घेण्याआधी सीटवर बसवून बघा. क्लच, पेडलपर्यंत पाय पोचतो का, मान मागे वळवल्यावर ब्लोअरची कड दिसते का, जाड बूट घालून चढता येतं का. ऑगस्टमध्ये चपला घालून घेतलेली चाचणी जानेवारीत कामाची नसते. शोरूममध्ये बर्फाचे बूट घालून गेलात तर लोक हसतील, हसू द्या.

ट्रॅक्टर अजून आला नसला तरी एक काम याच महिन्यात करून टाका. ड्राइव्हवेच्या दोन्ही कडांना दर पंधरा-वीस फुटांवर नारिंगी काठ्या रोवा, माणसाच्या खांद्याएवढ्या उंच, वळणावर जरा जवळजवळ. विहिरीचं झाकण, सेप्टिकचं तोंड, गॅसच्या टाकीची नळी, वीजमंडळाची हिरवी पेटी यांच्याही चारही बाजूंना. बर्फ पडल्यावर सगळं एकसारखं दिसतं आणि ब्लोअरला त्यातला फरक कळत नाही. नोव्हेंबरच्या मध्यानंतर जमीन गोठायला लागते, मग काठी आत जात नाही. ड्रिलने भोक पाडावं लागतं.